भिंतीकडची जागा

गेल्या पावसाळ्यात ओढा फुगला आणि शिंप्याचा आजोबा वाहून गेला. मरून त्याला तशी बरीच वर्षं झाली होती. गेला तो पेटीसकट. ओढ्याने आधी दफनभूमीची भिंत लोळवली, मग काठ खाल्ला आणि कोपऱ्यातला तो एकटा म्हातारा उचलून नेला. जिवंतपणी बिचारा गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरला नव्हता. पाणी ओसरल्यावर माणसं काठाकाठाने खालपर्यंत शोधत गेली. पेटीची एक फळी तेवढी मिळाली. शिंप्याने ती घरी नेली, पण घरात ठेवायची कुठे ते कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी परत आणून दफनभूमीत पुरली.

तेव्हापासून चर्चच्या पायऱ्यांवर एकच चर्चा. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा शिंप्याचा आजोबा उठणार कुठून? फळीपासून, की ओढा जिथे नदीला मिळतो तिथून? कुणी हसत विचारी, कुणी खरंच काळजीने. धाकट्या गवंड्याच्या घरातल्या म्हातारीने मात्र एका दमात निकाल लावून टाकला.

"खाली पडलेली सुई शिंप्याला सापडते. देवाला एवढा मोठा म्हातारा सापडणार नाही होय?"

भिंत पुन्हा बांधायचं काम धाकट्याकडे आलं आणि तिथून त्याच्या जिवाला घोर लागला.

उन्हाळा कडक होता, ओढा ठणठणीत कोरडा. पावसाच्या आत भिंत उभी राहायला हवी होती. रविवारी उपासना संपल्यावर पाळक आणि कमिटीची माणसं त्याच्याबरोबर दफनभूमीत गेली. पाळक नवे होते, वयाने लहान, बोलताना सारखा चष्मा वर ढकलणारे. जुनी भिंत होती तिथे आता ढासळलेला काठ होता. धाकट्याने पहार मारून दाखवली. ती भुसभुशीत मातीत सरळ आत गेली.

"इथं पाया धरणार नाही. आत घ्यावी लागेल," तो म्हणाला.

त्याने एका टोकाला खुंटी ठोकली, दुसऱ्या टोकाला ठोकली, दोरी ताणली आणि मागे सरून बघितलं. दोरी सरळ होती. तिचा काही दोष नव्हता. ती थोरल्या गवंड्याच्या कबरीशेजारच्या रिकाम्या जागेवरून गेली होती, अगदी मधोमध.

सगळ्यांनी बघितलं. ती जागा कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. इथे नवरा-बायकोला शेजारी शेजारी निजवत, म्हणजे उठताना एकमेकांचा हात धरता येतो. थोरला गेला तेव्हाच ती जागा त्याच्या बायकोसाठी राखली होती. आणि थोरल्याची बायको म्हणजे आता धाकट्याची बायको.

"काका," पाळक चष्मा वर ढकलत म्हणाले, "तुमच्या घरचीच गोष्ट आहे. तुम्हीच सांगा त्यांना."

"सांगायचंय काय त्यात?" कमिटीवरचा शिंपी म्हणाला. "आता ती ह्याची बायको ना? मग तिला त्याच्या शेजारी जागा कशाला लागते?"

माणसं हसली. धाकटाही हसला. हसून झाल्यावर त्याला वाटलं, आपण कशाला हसलो?

*

केस पिकले, दाढा गेल्या, तरी तो धाकटाच होता. थोरला हा त्याचा उस्ताद. त्याच्या हाताखाली तो दगड लावायला शिकला, ओळंबा धरायला शिकला, शिव्या खायला शिकला. थोरल्याच्या हातची भिंत डोळे मिटून हात फिरवावा इतकी सरळ. पुढे दगडाची पूड छातीत बसून थोरला खोकत खोकत गेला. मागे बायको आणि आई. काही दिवसांनी तेव्हाच्या पाळकांनी धाकट्याला बोलावून वहिनीशी लग्न करशील का विचारलं आणि त्याने मान डोलावली. घर थोरल्याचं, थापी थोरल्याची, खाटेवरची म्हातारी थोरल्याची आई. तोवर तो त्या बाईला वहिनी म्हणे आणि ती त्याला अरे-तुरे करी. लग्नानंतर ती अरे-तुरेच करत राहिली. वहिनी म्हणणं मात्र सोडावं लागलं, आणि त्या जागी दुसरी हाक त्याच्या तोंडात काही बसलीच नाही. इतकी वर्षं तो तिच्याशी हाक न मारता बोलत आला होता. गावात तिला गवंडीण म्हणत. कुठल्या गवंड्याची, हे कुणी सांगत बसत नसे.

मेल्यावर पुढे जगायचंय, हे गवंडिणीला शेजारच्या घरी जायचं असावं तसं ठाऊक होतं. आणि ते नुसतं रविवारपुरतं नव्हतं. शेजारणीने तिच्या कोंबड्या चोरल्या, पिसांसकट पुरावा सापडला, तरी आठवड्याच्या आत ही तिच्याशी बोलायला लागली. "तिथं शेजारी शेजारी बसायचंय," म्हणाली. "तिथं जाऊन कोंबडीवरून भांडू का मी?" राग आला की ती भांडी घासायला घेई आणि भांडी घासून झाली की राग संपलेला असे. मयताला गेली तर रडणाऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवी; स्वतः कधी रडत नसे. थोरल्याबद्दल ती असं बोले की ऐकणाऱ्याला वाटावं, तो लांबच्या कामावर गेलाय. "त्याला कळलं तर किती हसेल," ती जेवताना मधेच म्हणे, आणि धाकटा ताटात बघत घास गिळे.

धाकट्याला आणि तिला एक मुलगी झाली होती. बाप्तिस्मा झाला आणि ताप भरला, त्यातच गेली. तिला कुठे ठेवायचं ते गवंडिणीनेच ठरवलं. "एकटीला नको. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नाही," ती म्हणाली, आणि ती एवढीशी पेटी थोरल्याच्या कुशीला गेली, त्याच्या आणि रिकाम्या जागेच्या मधे. खड्डा धाकट्यानेच खणला. तेव्हा त्याला ते बरं वाटलं होतं. पुढे मात्र कधी कधी काम करताना त्याचा हात थांबे. आपली पोर इतकी वर्षं त्या माणसाकडे आहे. तो तिला काय सांगत असेल आपल्याबद्दल? ती त्याला काय म्हणून हाक मारत असेल? ज्याने पोर सांभाळली त्याचे उपकार मानायचे की त्याचा हेवा करायचा, हे धाकट्याला अजून ठरवता आलं नव्हतं. विश्वास नसता तर सोपं होतं. गेलं ते गेलं. पण त्याचा विश्वास होता, हीच तर सगळी पंचाईत होती.

त्या रविवारी तो घरी आला तेव्हा गवंडीण म्हातारीची वेणी घालत होती.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"आत घ्यायची भिंत."

"किती आत?"

"बघू. घट्ट जमीन कुठं लागते त्यावर आहे."

"माझ्या पोराला दगड लागू देऊ नकोस रे धाकट्या," म्हातारी म्हणाली. तिला आता फारसं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येई.

"नाही लागणार आई."

तो घडवंचीवरची थापी उचलून उगीचच पुसू लागला. पुसता पुसता म्हणाला, "उद्यापासून डबा मी सकाळीच नेतो. उन्हातून यायला नको तुला."

गवंडिणीचा हात वेणीत थांबला. "इतक्या वर्षांत माझं ऊन तुला कधी दिसलं नाही ते?"

"यंदा जास्त आहे," तो म्हणाला.

*

त्याने लांबच्या टोकाकडून काम धरलं. तिथून सुरुवात करायला तसं काही कारण नव्हतं. दगड दोन्हीकडे सारखेच पडले होते. पण त्या टोकाकडून रिकामी जागा सगळ्यात दूर होती.

हाताखाली एक बिगारी होता, बायको-पोरांचा धनी, पण गाव त्याला रेडिओ म्हणे. माल कालवताना, घमेलं उचलताना, पाणी शेंदताना त्याचं तोंड चालूच. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या जावयाने पंखा मागितला, सगळं. धाकटा हं हं करी आणि दगड फिरवून फिरवून त्याचं तोंड शोधी. जुन्या भिंतीचेच दगड होते ते, ओढ्याने घासून गुळगुळीत केलेले. त्यांना माल धरेना. एकेकाला छन्नीने खडबडीत करावं लागे. सिमेंटने बोटांची कातडी फाटली होती, फटीत माल जाऊन चुरचुरे. दुपारी दगड असे तापत की रेडिओ त्यांच्यावर आधी पाणी मारी आणि मग हात लावी.

थर चढत होते आणि भिंत पुढे सरकत होती. संध्याकाळी धाकटा घरी जाई तेव्हा गवंडीण विचारी, "कुठवर आलं?" आणि तो म्हणे, "चाललंय." उद्या सांगू, असं तो रोज ठरवी. दुसऱ्या दिवशी डबा उचलून पहाटेच बाहेर पडे.

त्याला नक्की काय हवं होतं? त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जागा गेली तर तिला थोरल्यापासून लांब ठेवतील, कदाचित त्याच्याच शेजारी ठेवतील. हा विचार आला की त्याला बरं वाटे. मग आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटे. मग पोर आठवे, ती त्या बाजूला राहील आणि आई या बाजूला. मग रेडिओ ओरडे, "मालक, माल वाळतोय!"

एके दिवशी पाळक भिंत बघायला आले. त्यांनी एका दगडावर हात ठेवला आणि चटका बसून काढला.

"छान चाललंय काका."

"हं." धाकट्याने थापी खाली ठेवली. "एक विचारू का पाळकसाहेब? समजा एका बाईचे दोन नवरे झाले. एक गेल्यावर दुसरा. तर तिकडं गेल्यावर ती कुणाची?"

परीक्षेत पाठ असलेला प्रश्न आल्यावर हुशार मुलाला होतो तसा आनंद पाळकांच्या तोंडावर दिसला. "हा प्रश्न फार जुना आहे काका. तिकडे नवरा-बायको हे नातंच नसतं. लग्न ही इथली गोष्ट. इथेच संपते."

"म्हणजे ती त्याची नाही?"

"नाही."

धाकट्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने श्वास घेतला, आणि घेता घेताच त्याच्या ध्यानात आलं.

"आणि दुसऱ्याची?"

"त्याचीही नाही."

"मग ओळख तरी असेल का?"

"असेल की. प्रेम असेल. आत्ता आहे त्याहून मोठं, पण सगळ्यांवर सारखं."

"सगळ्यांवर? शिंप्यावरपण?"

पाळक हसले. धाकटा हसला नाही. तो थोरल्याच्या कबरीशेजारच्या लहानशा उंचवट्याकडे बघत होता. "तान्हं पोर गेलं असेल तर ते तिकडं तेवढंच राहतं, का वाढतं?"

पाळकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा लावला. पुन्हा काढला.

"खरं सांगू का काका? मला ठाऊक नाही."

ते गेल्यावर धाकटा पुन्हा दगड लावायला लागला. इतकी वर्षं तो एकाच गोष्टीला भीत आला होता, की तिकडे ती थोरल्याची होणार. आता कळलं, ती कुणाचीच नसणार. म्हणजे ही एवढी वर्षं, तिने भरलेले डबे, आजारपणात त्याच्या पाठीला चोळलेलं तेल, पोर गेली तेव्हा दोघांनी न बोलता काढलेली ती सगळी दुपार, ते सगळं इथेच भिंतीअलीकडे राहणार? यातलं जास्त वाईट काय, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. त्या दिवशी त्याने लावलेला एक दगड उलटा बसला आणि तो रेडिओने दाखवून दिला.

*

भिंत थोरल्याच्या रांगेपाशी आली त्या दिवशी धाकटा डबाच विसरला. इतके दिवस आठवणीने नेलेला, नेमका त्या दिवशी चुलीपाशी राहिला.

ऊन डोक्यावर आलं तशी गवंडीण फाटकातून आत आली. डोक्यावर पदर, हातात डबा. धाकटा पाया खणत होता. तिला बघून तो कुदळ हातात धरून तसाच उभा राहिला. ती कबरींच्या मधून जपून पाय टाकत आली आणि दोरीपाशी थांबली. दोरी कुठून येते ते तिने बघितलं, मग कुठे जाते ते बघितलं.

"ही इथून जाणार?"

"हो."

"कधी ठरलं?"

"त्याच रविवारी."

"आणि तू रोज डबा उचलून पळत होतास."

रेडिओचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. दोन्ही बादल्या भरलेल्या असताना तो पाणी आणायला निघून गेला.

"बोल की आता," गवंडीण म्हणाली.

"काय बोलू? काठ पोकळ झालाय. बाहेरून न्यायची तर पाया छातीइतका खाली न्यावा लागेल, मोठे दगड भरावे लागतील."

"मी पायाचं विचारलं नाही. तुझ्या मनात काय आहे?"

हेच तर तो इतके दिवस स्वतःला विचारत होता. घाम डोळ्यांत उतरला, आणि तोंडातून भलतंच निघालं. "जागा तुमची आहे. तुम्ही सांगाल तसं करू, वहिनी."

 इतक्या वर्षांनी तो शब्द कुठे दडून बसला होता कुणास ठाऊक. गवंडिणीने त्याच्याकडे बघितलं. ते बघणं त्याला कळलं नाही. तो राग नव्हता, किंवा नुसता राग नव्हता. तिने डबा दगडावर ठेवला.

"बांध," ती म्हणाली. "मला काय करायचीय माती. मी काय तिथं मुक्कामाला राहणार आहे?"

आली तशी ती निघून गेली. डबा तसाच राहिला. संध्याकाळी रेडिओने तो धुऊन दिला, आतलं खाऊन.

घरी आल्यावर धाकट्याला न्हाणीतून भांडी घासल्याचा आवाज आला. तो हातपाय धुऊन खाटेपाशी टेकला. भांडी संपली. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.

"घासलेलीच घासतेय," म्हातारी हळूच म्हणाली. "काय केलंस रे?"

"काही नाही केलं आई."

"मग काही न केल्याचंच असेल," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो उजाडता उजाडता निघाला तेव्हा गवंडीण घरात नव्हती. दफनभूमीचं फाटक उघडं होतं. ती रिकाम्या जागेत उकिडवी बसली होती. त्या जागेच्या कडेला, पोरीच्या उंचवट्याला लागून, तिने कधीतरी पांढऱ्या फुलांचं एक झुडूप लावलं होतं. जुन्या मोडक्या थापीने ती ते उकरून काढत होती. मुळं खोल गेली होती, पोरीकडच्या बाजूलाच जास्त. ती ओढून बघे, मग भिऊन सोडून देई, मग बोटांनी माती सारी. तिचे खांदे हलत होते. धाकट्याने तिला थोरल्याच्या मयताला बघितलं होतं, पोरीच्या मयताला बघितलं होतं. रडताना बघितलं नव्हतं.

तो समोर जाऊन बसला. काय म्हणावं ते सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच म्हणाला.

"माती काय करायचीय म्हणालीस ना काल?"

"म्हणाले."

"मग?"

"मग काय!" तिने मातीच्या हाताने नाक पुसलं. "मला सगळं ठाऊक आहे असं तुम्ही सगळ्यांनी का धरून चाललाय? वर जायचंय, तिथं सगळे भेटणार, ते ठाऊक आहे मला. पण कधी ते कुणी सांगितलंय? तोवर कुठं पडून राहू मी? पोरीला इतकी वर्षं सांगत आलेय, येते गं, इथंच येते बाजूला. आता तिला काय सांगू, मधे भिंत आली म्हणून?"

ती थोरल्याचं नाव घेईल म्हणून धाकट्याने मन घट्ट करून ठेवलं होतं. ते तिने घेतलंच नाही. या गोष्टीचं त्याला बरं वाटलं की वाईट, हे शोधायला वेळ नव्हता. त्याने तिच्या हातातली थापी काढून घेतली आणि उकरलेली माती मुळांवर परत लोटली. तळहाताने दाबून बसवली.

"पाणी घाल याला," तो म्हणाला, आणि खुंटी उपटायला गेला.

*

भिंत त्या जागेपाशी येऊन बाहेर वळली, ओढ्याकडे गेली, रिकाम्या जागेला वळसा घालून परत आपल्या रेषेत आली. बोलायला एवढं सोपं. त्या वळशासाठी धाकटा आणि रेडिओ काठावर खाली खाली खणत गेले. बाजूची माती सारखी ढासळे, काढलेली पुन्हा आत येई. रेडिओ म्हणाला, "मालक, पलीकडे बाहेर निघू आपण." मोठे धोंडे ओढ्याच्या पात्रातून पहारीने लोटत आणावे लागले. धाकट्याच्या कमरेत उसण भरली. संध्याकाळी गवंडीण न बोलता विटकरीचा शेक देई. म्हातारी म्हणे, "आणखी खाली दे, आणखी खाली," जसं काही तिलाच दिसतंय.

बघायला माणसं आली. सरळ भिंतीला मधेच पोट आल्यासारखं दिसत होतं.

"गवंड्या, पिऊन बांधलीस का रे?" शिंपी म्हणाला. "थोरला असता तर असली भिंत बांधली असती का?"

"थोरला तिथंच आहे. विचार त्याला."

शिंपी जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमची फळी आत आली ना?"

"आली."

"मग असू दे," शिंपी म्हणाला आणि गेला.

वळशाची भिंत कमरेपर्यंत आली आणि रविवार उजाडला. शनिवारी संध्याकाळी धाकटा मागे सरून बघत उभा राहिला होता. जागा पुरी एका माणसाची सुटली होती, ना बोटभर कमी ना जास्त. आपण चांगलं काम केलं, असं त्याला वाटलं. थोरल्याची बायको थोरल्याला दिली, पोरीची आई पोरीला दिली. मग पोटात खड्डा पडल्यासारखं का वाटावं ते कळेना. डबा खाल्ला नाही म्हणून असेल, असं त्याने धरलं.

उपासना संपल्यावर गवंडीण म्हणाली, "चल, बघू दे मला."

दोघं आत गेली. झुडपाने मान टाकली होती, पण मुळाशी ओल दिसत होती. गवंडिणीने वळशावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पुरेल ना?" त्याने विचारलं.

 तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि रविवारच्या धुवट साडीत ती त्या मातीत सरळ आडवी झाली.

"अगं, लोक बघतील!"

"बघू देत. ये, पड इकडं."

"मी?"

"मग कोण, शिंपी?"

धाकट्याने फाटकाकडे बघितलं. मग उसण सांभाळत गुडघे टेकले आणि तिच्या बाजूला पडायला गेला. अर्धाच पडला. एक खांदा भिंतीला टेकला, तिथून पुढे जाईना. दगडाची कोर बरगडीत रुतली. कच्चा माल सदऱ्याला लागला. एक पाय दुमडून त्याने जेमतेम तोल धरला.

"मावतोस का?" तिने आभाळाकडे बघत विचारलं.

"मी कशाला मावू? ही तुझी जागा आहे."

"आणि तुझी कुठंय?"

"मी काय, कुठंही. त्या टोकाला, झाडाखाली वगैरे."

"माप घेताना स्वतःला विसरलास?"

 विसरलो म्हणावं तर खोटं, लक्षात होतं म्हणावं तर तेही खोटं.

"घरात कुठं झोपतोस तू?" गवंडिणीने विचारलं.

"दाराकडं."

"का?"

"सवय."

"सवय नाही. दाराकडे मला भीती वाटते म्हणून. पहिल्या रात्री मी सांगितलं होतं तुला, आणि तू काही न विचारता उशी उचलून गेलास." तिने पोरीच्या उंचवट्याकडे मान वळवली. "सगळे उठतील तेव्हा मी पोरीला उठवणार. म्हणणार, ऊठ गं बाई, हा बघ तुझा बाप. आणि ती माझ्यावरून वाकून बघणार. तर काय दिसणार तिला? भिंत?"

 धाकटा तसाच दगडाला टेकून पडून राहिला. वर आभाळ रिकामं होतं.

"पाळक म्हणतात, तिकडं नवरा-बायको नसतं," तो शेवटी म्हणाला.

"त्यांचं अजून लग्न नाही झालं."

"आणि तो? तो असेल ना त्या बाजूला."

"असेल. जाणार कुठं?" तिने डोळे मिटले. "ह्याचं कसं करायचं ते मला नाही रे ठाऊक. मी लई विचार केला, मला नाही सुटत. तिथं गेल्यावर बघू चौघं मिळून. पण बघायला तू तिथं हवास ना. त्या झाडाखाली काय करतोस?"

फाटकाशी कुणीतरी खाकरलं. पाळक होते. दोघांना तसं मातीत पडलेलं बघून त्यांनी चष्मा वर ढकलला, काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग वळून चर्चकडे चालू लागले.

धाकटा उठला. उठायला वेळ लागला. सदऱ्याला लागलेला माल झटकायला गेला तर तो आणखीच पसरला. तिकडे ती कुणाची असेल, पोर केवढी असेल, थोरला त्याला बघून हसेल की शिवी देईल, यातलं काहीएक त्याला कळलेलं नव्हतं. तो हत्यारांच्या ढिगाकडे गेला आणि पहार घेऊन आला. वळशाच्या मधल्या सांध्यात तिचं टोक घातलं. माल अजून ओला होता. जोर लावला तसा वरचा दगड सुटून हलला.

गवंडीण जागची उठली नव्हती. डोळे मिटलेलेच होते.

"दगड इकडं पाडू नकोस," ती म्हणाली. "पोर झोपलीय."

त्याने पहार खाली ठेवली, तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि ओढ्याच्या बाजूला नेऊन ठेवला.